पीसीओएसच्या (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, स्त्रियांमधला हार्मोनचा विकार) ट्रायलमध्ये काम करायला नव्याने येणाऱ्यांसाठी

नवीन मंडळी बहुधा आधी औषधाची माहिती वाचायला घेतात. त्याआधी स्क्रीनिंग, म्हणजे रुग्ण निकषात बसते का हे तपासणं, शिका. निकषात न बसणारी रुग्ण एकदा अभ्यासात शिरली, की पुढचं सांख्यिकी कितीही चोख असलं तरी निष्कर्ष डळमळतो.

2003 च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी हव्यात: बीजमोचनातली (अंडाशयातून बीज बाहेर पडण्यातली) अनियमितता, अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन्स) वाढल्याचा पुरावा आणि सोनोग्राफीत बहुपुटी अंडाशय, म्हणजे अंडाशयात बऱ्याच लहान पुटिका. फॉर्मवर नुसतं ‘पीसीओएस’ लिहू नका. कोणते दोन निकष जुळले तेही नोंदवा, कारण अँड्रोजेन वाढलेल्या आणि न वाढलेल्या रुग्णांची चयापचयाची जोखीम सारखी नसते. किशोरवयीन मुलींमध्ये पहिले दोन्ही निकष लागतात. पहिल्या पाळीपासून 8 वर्षं होईपर्यंत सोनोग्राफी निदानासाठी धरत नाहीत. पूर्वी एका अंडाशयात 12 पुटिका पुरत, 2018 पासून 20 लागतात. जुने पेपर वाचताना हे विसरलं की तुलनाच चुकते. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि 17-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात विकार ओळखायला) तपासून दुसरी कारणं वगळायची.

सगळ्यात जास्त घोळ रक्ताच्या नमुन्यात होतो. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं रक्तातलं प्रथिन) वाढतं आणि मोकळं, म्हणजे न बांधलेलं, टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं. म्हणून गोळ्या बंद होऊन 3 महिने झाल्यावरच नमुना घ्यावा. मात्र त्या काळात दुसरं गर्भनिरोधक ठरवून दिल्याशिवाय गोळ्या थांबवायच्या नाहीत. स्त्रियांमधलं टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असतं, की साध्या इम्युनोअसेचा (प्रतिपिंडं वापरून केलेल्या तपासणीचा) आकडा भरवशाचा नसतो. मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूच्या वस्तुमानावरून मोजणारी जास्त अचूक पद्धत) मिळाली तर तीच घ्या, आणि शेवटपर्यंत लॅब बदलू नका. बीजमोचन झालं का ते कळायला, त्यानंतर वाढणारं प्रोजेस्टेरॉन सरसकट 21 व्या दिवशी तपासणं ही नेहमीची चूक आहे. 40 दिवसांच्या चक्रात बीजमोचन साधारण 26 व्या दिवशी होतं, त्यामुळे 21 व्या दिवशीचा रिपोर्ट ‘बीजमोचन नाही’ असंच सांगणार. अशा वेळी दर आठवड्याला नमुना घ्या.

केसांची वाढ फेरीमन-गॉलवे पद्धतीने, शरीराच्या 9 जागांवर 0 ते 4 गुण देऊन मोजतात. मोजणारी व्यक्ती प्रत्येक भेटीत तीच हवी. वॅक्सिंग किंवा लेझर कधी केलं ते आधी विचारा. हा प्रश्न विचारताना खोलीत तिसरं कुणी नसावं. उपचाराचा फरक दिसायला निदान 6 महिने लागतात, म्हणजे 12 आठवड्यांच्या अभ्यासात हा निकाल मोजण्यात अर्थ नाही.

वंध्यत्वाच्या ट्रायलमध्ये नेमकं काय मोजणार, हे तर सगळ्यात आधी ठरलं पाहिजे. 2007 च्या 626 स्त्रियांच्या ट्रायलमध्ये क्लोमिफेनला (बीजमोचन घडवणारं औषध) मेटफॉर्मिनची (मधुमेहाचं औषध) जोड दिल्यावर बीजमोचन वाढलं, पण जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण क्लोमिफेनने 22.5 टक्के आणि जोडीने 26.8 टक्के, म्हणजे ठोस फरक नाहीच. 2014 मध्ये 750 स्त्रियांवर जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण लेट्रोझोलने (बीजमोचन घडवणारं दुसरं औषध) 27.5 टक्के आणि क्लोमिफेनने 19.1 टक्के, हा फरक मात्र टिकला. बीजमोचनावर थांबणारा प्रोटोकॉल रुग्णाच्या खऱ्या प्रश्नाला उत्तर देत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मेटफॉर्मिन थेट पूर्ण मात्रेत दिलं की जुलाब, मळमळ होऊन रुग्ण अभ्यास सोडतात. 500 मिलिग्रॅमपासून, जेवणासोबत सुरू करून एक-दोन आठवड्यांनी वाढवा, आणि पहिल्या आठवड्यातच फोन करून विचारपूस करा.