दिव्यांची माळ अर्धीच का लागते? रोषणाई करताना या चुका टाळा

सगळी माळ गॅलरीत टांगून झाली, खिळे-आकडे जागच्या जागी बसले, बटण दाबलं आणि अर्धी माळ अंधारात. हे टाळायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण ती टांगण्याच्या आधी काढावी लागतात. माळ जमिनीवर पूर्ण सोडवून ठेवा, वायर डोळ्यांखालून घाला आणि मगच पिन सॉकेटमध्ये घालून दहा मिनिटं लावून बघा. गुंडाळी न सोडवता तपासू नका. जुन्या, तारेच्या बल्बांच्या माळेची उष्णता गुंडाळीत कोंडते आणि वायरचं आवरण मऊ पडतं. शिवाय चिरलेली किंवा उंदराने कुरतडलेली जागा गुंडाळीत दिसतही नाही.

अर्धी माळ बंद म्हणजे नेमकं काय

बहुतेक माळांमध्ये बल्ब एकामागोमाग एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. १०० बल्बांच्या माळेत ५०-५० च्या दोन रांगा असू शकतात. एका रांगेत कुठेही वायर तुटली की ती आख्खी रांग विझते, दुसरी चालू राहते. म्हणून आधी विझलेले दिवे मोजा. सलग एक पूर्ण भाग बंद असेल तर दोष त्याच भागात आहे, बाकीची माळ उचकटू नका. सगळीच माळ बंद असेल तर शोध पिनेपासून सुरू करा: सॉकेटमध्ये वीज आहे का, पिनेतला फ्यूज (असल्यास) शाबूत आहे का, कंट्रोलरच्या डबीत शिरणारी वायर मुळाशी तुटली आहे का. वायर सर्वांत जास्त तुटते ती या मुळाशीच, कारण ओढताना सगळा ताण तिथे येतो.

काढता येणारे बल्ब असतील तर पिन काढून घ्या आणि विझलेल्या भागातला एकेक बल्ब होल्डरमध्ये नीट दाबून बसवा. बऱ्याच तक्रारी सैल बल्बाच्याच असतात. तेवढ्याने भागलं नाही तर चांगला म्हणून खात्री असलेला एक बल्ब घेऊन ओळीने एकेका होल्डरमध्ये बदलून बघा. प्रत्येक बदलाआधी पिन काढायची, मग लावून पाहायचं. वेळखाऊ आहे, पण एकच बल्ब बिघडला असेल तर सापडतो.

उडालेला बल्ब तसाच ठेवणं

ही चूक फार होते, कारण उडालेला बल्ब असूनही माळ चालू राहते. जुन्या छोट्या बल्बांत तारेखाली एक बारीक शंट, म्हणजे विजेला दुसरी वाट देणारी तार, असते. तार तुटली की पूर्ण व्होल्टेज त्या शंटवर येतं, तिच्यावरचा वीजरोधक थर फुटतो आणि वीज तिच्यातून पुढे जाते. सोय चांगली आहे, पण उडालेल्या बल्बाचा वाटा उरलेल्यांवर पडतो. २३० व्होल्टच्या माळेत १०० बल्बांची एकच रांग असेल तर प्रत्येकाला २.३ व्होल्ट मिळतात. दहा उडाले की उरलेल्या नव्वदांना प्रत्येकी साधारण २.५५. आकडा लहान वाटतो, पण तारेच्या बल्बाचं आयुष्य व्होल्टेजपुढे फार झपाट्याने घटतं आणि एवढ्या वाढीने ते निम्म्याहून कमी होतं. मग एका संध्याकाळी पटापट बल्ब जातात आणि दोष माळेला दिला जातो. एक बल्ब उडाला की त्याच दिवशी बदला, आणि तो त्याच व्होल्टचा घ्या. होल्डरमध्ये बसतो म्हणून कुठलाही बल्ब चालत नाही.

बल्ब काढून होल्डर रिकामा ठेवला तर मात्र शंटचा उपयोग नाही. रांग तिथेच तुटते.

एलईडी माळेची धोकादायक दुरुस्ती

एलईडी माळेतले दिवे बहुधा वायरीत सील केलेले असतात. एक दिवा गेला की काही जण तो कापून दोन टोकं पिळतात आणि वर चिकटपट्टी गुंडाळतात. माळ लागते, म्हणून काम झालं असं वाटतं. पण गेलेल्या दिव्याच्या वाट्याचं व्होल्टेज आता उरलेल्या दिव्यांवर आणि रेझिस्टरवर (प्रवाह आवरणाऱ्या भागावर) येतं, प्रवाह वाढतो, रेझिस्टर तापतो. असे दोन-तीन जोड झाले की वायरीचा रेझिस्टर असलेला फुगीर भाग हाताला गरम लागतो. अशी माळ वापरातून काढा. थेट घरातल्या विजेवर चालणाऱ्या माळेत उघडा जोड म्हणजे शॉक, आणि खिडकीच्या लोखंडी गजाला तो टेकला तर गजालाही करंट.

फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा घाला. चांदीचा कागद किंवा तांब्याची तार हा पर्याय नाही.

आणखी एक तक्रार: बटण बंद केलं तरी एलईडी मंद मिणमिणतात. कधी शेजारून जाणाऱ्या वायरीतून येणारा क्षीण प्रवाह त्याला पुरतो. पण कधी बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत असतं, म्हणजे दिवे विझलेले दिसले तरी माळेत फेज जिवंत असतो. माळेला हात लावण्यापूर्वी बटणावर भरवसा न ठेवता पिन उपसा, आणि ते बटण वायरमनकडून तपासून घ्या.

बाहेर टांगताना

खोक्यावरचा आयपी आकडा, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा, वाचा. आयपी२० फक्त घरात, आयपी४४ पाण्याचे शिंतोडे सोसते, आयपी६५ पाण्याचा झोतही. पण माळ आयपी४४ असली तरी अडॅप्टर घरातलाच असू शकतो, त्यामुळे पिन आणि अडॅप्टर आतच ठेवावा. वायर सॉकेटकडे वरून सरळ उतरवली तर पाणी तिच्यावरून ओघळत थेट सॉकेटमध्ये शिरतं. वायरीला सॉकेटच्या खाली एक झोळ द्या, पाणी तिथूनच ठिबकून जाईल.

खिळ्याने किंवा स्टेपलने वायर ठोकू नका. प्लॅस्टिकचे आकडे किंवा क्लिपा वापरा आणि दर वळणावर थोडी ढील ठेवा. दाराच्या फटीतून वायर नेली की ती रोज चिरडते.

एक्स्टेन्शनचं रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही. एलईडी माळ साधारण ५ ते १० वॉट घेते, तिने भार होत नाही. त्याच बोर्डावर इस्त्री किंवा हीटर लावला की होतो. २३० व्होल्टवर ६ अँपिअरच्या बोर्डाची मर्यादा १३८० वॉट आहे. एकाला एक माळ जोडताना खोक्यावरची संख्या ओलांडू नका. तारेच्या बल्बांच्या माळांची ती बऱ्याचदा तीनच असते.

सेलवरच्या माळा

तीन एए सेलचे ४.५ व्होल्ट होतात. त्याऐवजी चार्ज होणारे १.२ व्होल्टचे सेल घातले तर ३.६ च मिळतात. मग लाल-पिवळे दिवे बरे लागतात, निळे आणि पांढरे मरगळतात, कारण त्यांनाच सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि रेझिस्टरसाठी फारसं उरत नाही. माळेत बिघाड नसतो. तसंच सहा तासांनी माळ आपोआप बंद होत असेल तर टायमरची खूण आधी तपासा.

नवे-जुने सेल एकत्र घालू नका. ठेवून देताना सेल काढा. विसरलेला सेल गळून पत्र्यावर पांढरी पापडी धरते. ती क्षारीय असते. हातमोजे घालून, कापसावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या.

बटणासारखे चपटे सेल असलेल्या माळा लहान मुलं असलेल्या घरात आणूच नयेत, किमान झाकणाला स्क्रू असल्याशिवाय नकोत. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजतं. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठा, उलटी करवू नका.

उतरवून ठेवताना

माळ एका टोकाला धरून ओढून काढू नका, एकेक आकडा सोडवत या. कोपर आणि अंगठ्याभोवती गुंडाळली की वायरीला पीळ पडतो आणि पुढच्या वर्षी गाठी होतात. ३० सेंमी लांबीचा जाड पुठ्ठा घ्या, दोन्ही टोकांना खाच पाडा, दूरचं टोक खाचेत अडकवून सैलसर गुंडाळत या. पिन शेवटी बाहेर राहिली पाहिजे. ओली माळ आधी वाळवा, नाहीतर होल्डरमधल्या तांब्यावर हिरवट थर चढतो आणि बल्ब लागत नाही. पुठ्ठ्यावर लिहून ठेवा: किती मीटर, घरातली की बाहेरची, कुठला बल्ब बदलायचा राहिलाय.