स्वतः जोडलेला संगणक अचानक रीस्टार्ट होतो, तेव्हा दोष कसा शोधावा

घरी सुटे भाग जोडून तयार केलेला संगणक काम चालू असताना एकाएकी बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला, की बहुतेक जण आधी पॉवर सप्लाय बदलतात, मग रॅम बदलतात आणि शेवटी विंडोज नव्याने टाकतात. एखादे वेळी त्यातून दोष जातोही, पण तो नेमका कशात होता हे कळत नाही आणि तोवर बराच पैसा खर्च झालेला असतो. त्यापेक्षा पहिले काही दिवस कोणताही भाग न बदलता केवळ नोंद ठेवावी. संगणक किती वाजता रीस्टार्ट झाला, त्या वेळी गेम चालू होता की संगणक नुसताच बसून होता, निळा पडदा (विंडोज कोसळल्यावर चूक दाखवणारा; नव्या विंडोज ११ मध्ये तो काळा असतो) दिसला का, आणि घरात त्याच क्षणी दुसरे काही सुरू झाले का, एवढे लिहिले तरी पुरे. यातला शेवटचा प्रश्न गोव्यात विशेष महत्त्वाचा आहे.

नोंदीबरोबरच विंडोजमधील एक सेटिंग बदलून घ्यावे. ‘सिस्टीम प्रॉपर्टीज’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’चे सेटिंग उघडून ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’पुढील खूण काढून टाकावी. यानंतर बिघाड विंडोजच्या नजरेस पडणारा असेल, तर निळा पडदा तसाच थांबून राहतो आणि त्यावरील कोड टिपून घेता येतो. खूण काढूनही पडदा कोणताही संदेश न दाखवता क्षणात काळा होऊन संगणक नव्याने सुरू होत असेल, तर दोष वीजपुरवठ्यात किंवा हार्डवेअरमध्ये असण्याची शक्यता फार वाढते.

‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, पाहिल्यास ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद जवळजवळ नेहमी सापडते आणि तिच्या नावातल्या ‘पॉवर’मुळे अनेकांची दिशाभूल होते. मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती सांगते. कारण ती सांगत नाही. मात्र तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’, म्हणजे निळ्या पडद्यावरच्या चुकीचा क्रमांक, शून्य असेल, तर विंडोजला निळा पडदा नोंदवण्याइतकाही अवधी मिळाला नव्हता असे समजावे. तिच्या आसपास ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ या नावाच्या, हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या नोंदी असतील, तर रोख प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड किंवा ग्राफिक्स कार्डाकडे वळतो.

आता भिंतीतून येणाऱ्या विजेपासून सुरुवात करावी. विहिरीवरचा पंप सुरू होताना घरातले दिवे क्षणभर मंदावतात, हे गोव्यातल्या गावांमधून कोणालाही नवे नाही. पावसाळ्यात माडाची झावळे तारांवर घासली तरी असे झटके बसतात. संगणकाचा पॉवर सप्लाय असा खंड पूर्ण भारावर साधारण १२ ते १७ मिलीसेकंद सोसेल, अशी मानकाची अपेक्षा असते, आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झ पुरवठ्याचे एक आवर्तनच २० मिलीसेकंदांचे असते. म्हणजे दिवा जेमतेम लुकलुकला तरी संगणक रीस्टार्ट होऊ शकतो. शिवाय भार कमी असताना हाच पॉवर सप्लाय अधिक वेळ तग धरतो. त्यामुळे संगणक गेम खेळतानाच बंद पडतो आणि एरवी नीट चालतो, म्हणून दोष ग्राफिक्स कार्डाला चिकटवला जातो, पण खरे कारण पंप असू शकतो.

यूपीएस असेल तर त्याचीही परीक्षा घ्यावी. सर्व फाइली जतन करून, प्लग न उपसता, भिंतीवरचे बटण बंद करावे, म्हणजे अर्थिंग जोडलेले राहते. त्याच क्षणी संगणक रीस्टार्ट झाला, तर यूपीएसची बॅटरी थकलेली आहे किंवा त्याची क्षमता अपुरी आहे. घराला इन्व्हर्टर असल्यास तो ‘यूपीएस’ मोडवर आहे ना, हे पाहावे, कारण साध्या मोडमध्ये तो बॅटरीवर जायला अधिक वेळ घेतो. एक्स्टेन्शन बोर्डाची सैल झालेली किंवा करपलेली खाच ही क्षुल्लक वाटणारी गोष्टही तपासावी. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंगची तपासणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी. जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात सुकली, की अर्थिंगचा रोधही वाढतो. दुसऱ्या घरी नेल्यावर संगणक दोन-तीन दिवस निर्धोक चालला, तर पेटी उघडण्याची गरजच उरत नाही.

तसे नसेल, तर वीज तोडून कॅबिनेट उघडावे. प्रोसेसरजवळचा आठ पिनांचा प्लग आणि ग्राफिक्स कार्डाचे प्लग काढून पुन्हा पूर्ण आत बसवावेत. मोठ्या कार्डाला एकाच केबलची दोन टोके न जोडता शक्यतो दोन स्वतंत्र केबली द्याव्यात. समोरच्या रीसेट बटणाची वायर मदरबोर्डावरून सरळ काढून ठेवावी, कारण अडकलेले बटण हे फुकटात सुटणारे कारण आहे आणि ते पाहायचे सर्वांत जास्त राहून जाते. किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या दमट हवेने रॅमचे संपर्कबिंदू खराब होतात. ते खोडरबराने घासण्याची पद्धत रूढ असली, तरी सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड वापरणेच बरे. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नये, कारण आतले कपॅसिटर वीज काढल्यावरही धोकादायक व्होल्टेज धरून राहू शकतात.

त्यानंतर रॅमची पाळी येते. बायॉसमध्ये (मदरबोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो हे रॅमचा वेग वाढवणारे सेटिंग बंद करून काही दिवस वापरून पाहावे. खोक्यावर छापलेला वेग हा बहुधा याच सेटिंगमुळे मिळणारा वाढीव वेग असतो आणि प्रत्येक प्रोसेसर-मदरबोर्डाची जोडी तो पेलतेच असे नाही. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. एकही चूक दिसली, तरी एकेक पट्टी वेगळी तपासावी.

संगणक फक्त भाराखाली कोसळत असेल, तर ओसीसीटी या भार टाकणाऱ्या प्रोग्रॅमने प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आधी वेगवेगळे आणि मग एकत्र ताणून पाहावे, व त्या वेळी एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान पाहत राहावे. दोन्ही स्वतंत्रपणे टिकतात आणि एकत्र चालवताच संगणक पडतो, असे असेल तर पॉवर सप्लायवर संशय घट्ट होतो. १२ व्होल्टची वाहिनी ११.४ ते १२.६ या मर्यादेत राहायला हवी, पण सॉफ्टवेअरमधल्या आकड्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये. ओळखीच्या कोणाकडून पुरेशा क्षमतेचा पॉवर सप्लाय आणून तो बदलून पाहणे हीच खरी चाचणी. याउलट एएमडीच्या रायझेन प्रोसेसरच्या सुरुवातीच्या पिढ्यांमधील संगणक काम नसतानाच रीस्टार्ट होत असेल, तर बायॉसमधील ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हा पर्याय ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवून पाहावा.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे कायमची हानी पोहोचत असल्याचे उघड झाल्यावर, २०२४ मध्ये कंपनीने मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या, सुधारणा दिल्या. त्या मदरबोर्डाच्या नव्या बायॉसमधून मिळतात. त्यांनी पुढची हानी टळते, झालेली भरून निघत नाही. मात्र पेटीबंद विकलेल्या प्रोसेसरांची वॉरंटी कंपनीने तीनवरून पाच वर्षांपर्यंत वाढवली आहे. बायॉसचे अपडेट यूपीएसवर आणि शक्यतो गडगडाट नसलेल्या दिवशी करावे. वॉरंटीचा दावा करताना बिलासोबत आपल्या नोंदी आणि चाचण्यांचे फोटो जोडावेत, कारण दुकानातल्या टेबलावर तासभर नीट चालणाऱ्या संगणकात दोष आहे हे नुसते तोंडी सांगून पटवणे कठीण जाते.