जुना करार तनाखच्या क्रमाने कसा लावावा

मराठी बायबलच्या जुन्या करारात 39 पुस्तके, ज्यूंच्या तनाख या धर्मग्रंथात 24. मजकूर जवळजवळ तोच; मोजणी आणि मांडणी वेगळी. अनुक्रमणिका उघडा, पेन्सिल घ्या.

आधी मोजणी. शमुवेल, राजे, इतिहास यांचे पहिले-दुसरे भाग जोडा. एज्रा आणि नहेम्या हेही एकच पुस्तक धरा. मग होशेपासून मलाखीपर्यंतच्या 12 छोट्या संदेष्ट्यांना एका कंसात घाला, कारण हिब्रू परंपरेत ते मिळून एक पुस्तक. 39 मधून 4 गेले, 11 गेले, 24 उरले. आकडा जुळला नाही तर एज्रा-नहेम्या बघा, तेच बहुधा निसटतात.

आता गट पाडा. उत्पत्तीपासून अनुवादपर्यंतची 5 म्हणजे तोरा, नियमशास्त्र. तिथे काहीच हलवायचे नाही. दुसरा गट नेवीईम, म्हणजे संदेष्टे: यहोशवा, शास्ते, शमुवेल, राजे आणि पुढे यशया, यिर्मया, यहेज्केल, बारा. आपण ज्याला सरळ इतिहास म्हणू तो इथे संदेष्ट्यांत बसतो, आणि मला ते पटते: राजांच्या लढायांपेक्षा नाथान, एलीया, अलीशा या संदेष्ट्यांनी राजांना काय सुनावले तेच जास्त लक्षात राहते.

उरलेली 11 म्हणजे केतुवीम, म्हणजे लेख. स्तोत्रे, नीतिसूत्रे, ईयोब एकत्र लिहा. त्याखाली पाच गुंडाळ्या, म्हणजे सणांना वाचायची पाच छोटी पुस्तके, सणांच्या जोडीने: गीतरत्न वल्हांडणाला, रूथ शावुओतला (सप्ताहांच्या सणाला), विलापगीत मंदिराच्या विध्वंसाच्या उपवासाला, उपदेशक मांडवांच्या सणाला, एस्तेर पुरीमला. (याच पुरीमला कोकणातले बेने इस्राएल ज्यू ‘होळीचा सण’ म्हणत.) रूथ शास्तेच्या शेजारून उचलून इथे आणायची, हे विसरू नका. दानीएलही इथेच. तो ग्रंथ पूर्ण झाला तोवर संदेष्ट्यांचा संग्रह ठरून गेला होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यानंतर एज्रा-नहेम्या आणि सर्वांत शेवटी इतिहास. तनाखच्या 1008 सालच्या लेनिनग्राड हस्तलिखितात मात्र इतिहास केतुवीमच्या आरंभी आहे. छापील प्रतींचा क्रम धरून चाला.

संदर्भ शोधताना अध्याय-वचनांचे आकडे ताडून पाहा. हिब्रूत योएलचे 4 अध्याय, मराठीत 3. मलाखीचे उलट, हिब्रूत 3, मराठीत 4. स्तोत्रांवरचे मथळेही हिब्रूत वचनांत मोजतात, त्यामुळे आपले 51 व्या स्तोत्राचे पहिले वचन तिथे तिसरे.