वेलभाज्यांची रोपे कागदी कुंडीत: इंदूरच्या हवेत काय सांभाळायचे

गिलकी, दोडका, कारले, काकडी यांची मुळे दुखावलेली चालत नाहीत. कुंडीसकट लावायच्या रोपांचा खटाटोप मुख्यतः यांच्यासाठी. टोमॅटो-मिरची साध्या ट्रेमधूनही मजेत लागते.

वर्तमानपत्राची १५ सेंमी रुंद, पानभर लांब पट्टी कापा. ६ सेंमी व्यासाच्या पेल्याभोवती गुंडाळा, खाली ५ सेंमी कागद सुटा ठेवा. तो आत दुमडून पेला जमिनीवर दाबा, की बूड बसते. डिंक नको. गुळगुळीत रंगीत पुरवण्याही नकोत, त्या लवकर कुजत नाहीत.

कुंडीत भरायला दोन भाग भिजवलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत. माळव्याची काळी माती इथे घालू नका; वाळली की आकसून दगड होते आणि कोवळी मुळे तुटतात. कारल्याचे बी रात्रभर भिजवा. दोन-दोन बिया दीड सेंमी खोल टाका. नंतर कमजोर रोप कात्रीने कापा, उपटू नका.

मे महिन्यात खरी अडचण पाण्याची. कागद चारी बाजूंनी पाणी उडवतो, म्हणून कुंड्या ट्रेमध्ये खेटून ठेवा आणि दोन वेळा ओल बघा. ट्रेमध्ये बोटभर पाणी घालून पंधरा मिनिटांनी उरलेले ओतून द्या. कागदावर पांढरी बुरशी दिसली तर घाबरायचे कारण नाही, हवा खेळू द्या. रोप बुडाशी काळे पडून कोलमडले, तर मात्र पाणी जास्त होतेय.

पाऊस इथे साधारण जूनच्या मध्यानंतर येतो. मेअखेरीस पेरले की १५ ते २० दिवसांत, दोन-तीन खरी पाने (बीतून निघणाऱ्या पहिल्या जाड दोन पानांनंतरची) आल्यावर रोप तयार. जास्त थांबलात तर मुळे शेजारच्या कुंडीत शिरतात.

लावताना कुंडी आधी ओलीचिंब करा. कोरडा कागद जमिनीत कुजतच नाही, मुळे आतच कोंडतात. बुडाला चीर द्या आणि मातीवर येणारा काठ फाडून टाका. उघडा काठ वातीसारखा आतली ओल शोषून बाहेर उडवतो, आणि खड्ड्यात पाणी असूनही रोप सुकते. बहुतेक रोपे इथेच जातात.

विकतच्या नारळाच्या काथ्याच्या कुंड्या जाड असतात. त्या अर्धा तास पाण्यात बुडवा, बुडाबरोबर बाजूंनाही तीन-चार चिरा द्या. कागद किंवा काथ्या कुजताना जमिनीतले नत्र थोडे ओढून घेतो. त्यामुळे पाने फिकी पडू नयेत म्हणून खड्ड्यात दोन मुठी कुजलेले शेणखत आधीच मिसळा.