कॅनव्हासवरचं चित्र बिघडलंय? आधी तो ओला फडका खाली ठेवा

"पुसून देल्लं न भाऊ, आता कसं चमकून रायलं!" असं म्हणत काकूंनी चित्र माझ्या टेबलावर ठेवलं. सोबत तोच फडका होता आणि त्यावर निळा रंग उतरला होता. मुलानं कॉलेजात असताना काढलेलं अ‍ॅक्रेलिकचं चित्र.

तालुक्याच्या गावी माझं फ्रेमचं दुकान आहे. कवेलूतून गळणारं पाणी आणि वाळवी चित्राचं जेवढं वाटोळं करतात, तेवढंच घरचे उपाय करतात.

अ‍ॅक्रेलिक वाळलं की दिसतं प्लास्टिकसारखं, म्हणून लोक ते टेबल पुसावं तसं पुसतात. पण रंग पाण्यात एकजीव राहावा म्हणून घातलेली साबणासारखी द्रव्यं वाळल्यावरही आत उरतात. ओलं लागलं की ती विरघळतात, रंगाचा थर फुगतो आणि थोडा फडक्यावर येतो. दुसरी भानगड उन्हाची. हा रंग उष्णतेनं मऊ पडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा टिनाखालच्या खोलीत धूळ रंगावर नुसती बसत नाही, रुतते. जपून ठेवायचं म्हणून बबल रॅप गुंडाळला तर उन्हाळा संपेस्तोवर चित्रावर गोल गोल ठसे उमटतात. रंग कुठे सुटला नसेल तरच कोरड्या, मऊ ब्रशनं हलक्या हातानं धूळ झाडा. सुटलाय की नाही हे बघायला अंधारात बाजूनं टॉर्च मारा. उचललेल्या खपलीची सावली पडते.

वार्निश मारून 'चमक आणणं' ही वेगळीच हौस. नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांची चित्रं आठवा, सगळा खेळ रंगाच्या थरांचा आणि पृष्ठभागाचा. अशा कामावर चकाकी चढवली की चित्रकारानं ठरवून ठेवलेला मंदपणाच गेला.

आता माझी स्वतःची चूक. खिळा लागून फाटलेल्या एका कॅनव्हासला मी मागून फेविकॉलनं ठिगळ लावलं होतं. लाकडाला चांगला, म्हणून कापडालाही चालेल असं वाटलं. पावसाळ्यात कॅनव्हास दमट हवेनं हलला, ठिगळ मात्र कडक राहिलं, आणि पुढच्या बाजूनं चौकोन उठून दिसायला लागला. काढायला गेलो तर धागे सोबत आले. जाणकार भिंगाखाली एकेक धागा जुळवतात, आणि पुढे काढता येईल असंच चिकटद्रव्य वापरतात. सेलोटेपचंही तेच: डिंक पिवळा पडून कापडात मुरतो.

चित्र भिजलं तर अंगणातल्या उन्हात वाळवू नका. चौकटीवरून सोडवूही नका, कापड आक्रसतं आणि रंगाला भेगा पडतात. रंगाची बाजू वर ठेवून चार विटांवर आडवं ठेवा, सावलीत, वारा खेळेल असं. पंखा थेट चित्रावर नको, कूलर तर नकोच, तो आणखी ओल सोडतो. बुरशी दिसली तर ओली असताना घासू नका, पसरते. नाकातोंडाला रुमाल बांधून चित्र बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

मोठं नुकसान असेल तर घरी हात लावण्यात अर्थ नाही. लखनौला १९७६ पासून केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही संवर्धन केंद्र आहे. आधी फोटो पाठवून विचारा. चित्र न्यायचं झालं तर चौकटीसकटच न्या. गुंडाळायचंच असेल तर जाड नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून. पडलेल्या खपल्या कागदाच्या पुडीत घाला, वर लिहा कुठल्या कोपऱ्यातल्या.

काकूंचा फडका मी धुऊ दिला नाही. त्यावरचा निळा रंग तपासणीला कामी येतो.