छोटी बॅग घ्यायचीय? आधी सामान मांडा

प्रवासासाठी पाठीवरची बॅग बघायला जायच्या आधी एक काम करा, जे न्यायचंय ते सगळं पलंगावर मांडा आणि त्यातलं "लागलं तर असू दे" म्हणून ठेवलेलं उचलून परत कपाटात टाका, मग जे उरतं ना तेवढ्याचीच बॅग घ्यायची. तीन-चार जोड कपडे, चार्जर, टॉयलेटरीज एवढंच असेल तर २० ते २८ लिटर भरपूर होतं, कारण ४० ची घेतली की ती भरल्याशिवाय राहवत नाही, खरंच सांगते.

रिकामी बॅग खांद्याला लावून काहीच कळत नाही. पाच-सहा किलो वजन घालून दहा मिनिटं चाला. पट्टा मानेजवळ काचतोय का, की खांद्यावरून घसरतोय? बॅगचा तळ कमरेच्या खाली लोंबत असेल तर ती तुमच्यासाठी लांब आहे, उंच माणसाची बॅग बुटक्याला होतेच असं नाही, पाठीची लांबी बघायची.

चेन सुटकेससारखी तिन्ही बाजूंनी उघडणारी असली की तळाचा मोजा काढायला सगळं उपसावं लागत नाही. कोपऱ्यावर चेन अडकते का तेही बघाच, बॅग ठासून भरलेली असताना तिथेच ताण येतो आणि दात सुटतात.

रिकामी बॅग एक किलोच्या आत असावी. वॉटरप्रूफच्या मागे लागू नका, कपडे आत जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, झालं काम.