तयार गेमिंग पीसी की स्वतः जोडलेला? आधी भागांची यादी करा

गेमिंग पीसी तयार घ्यावा की स्वतः जोडावा, असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा भीती स्क्रूड्रायव्हरची असते. पण स्क्रू कुणी पिळले याने गेममध्ये एका फ्रेमचाही फरक पडत नाही. कॅबिनेटच्या आत काय बसवायचं हे कुणी ठरवलं, यावर सगळं अवलंबून असतं. यादी दुकानदाराने केली की त्यात त्याच्याकडचा पडून राहिलेला माल येतो. यादी तुम्ही केलीत, तर जोडणी त्याच्याकडून करून घेतली तरी पीसी तुमच्या मनासारखा होतो.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारांत हाच मधला मार्ग सगळ्यात रुळलेला आहे: यादी गिऱ्हाइकाची, जोडणी दुकानाची. सगळे भाग एकाच ठिकाणी घेतले तर अनेक दुकानदार जोडणीचे पैसेही घेत नाहीत. मात्र पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचं मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. नुसतं ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’ लिहिलेलं बिल पुढे वॉरंटीच्या वेळी उपयोगाचं नसतं.

तयार पीसीची जाहिरात कशी वाचायची

‘आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, ५१२ जीबी एसएसडी, आरजीबी कॅबिनेट.’ अशी जाहिरात पाहिली की पहिला प्रश्न विचारा: आय७ कितवी पिढी? स्वस्तातल्या अशा संचांत बऱ्याचदा आय७-२६०० किंवा आय७-३७७० निघतो. २६०० हा दुसऱ्या पिढीतला, २०११ चा; ३७७० हा तिसऱ्या पिढीतला, २०१२ चा. सोबत एच६१ या जुन्या चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्याला जोडले जातात तो मुख्य बोर्ड) आणि जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड. त्या कार्डावर ४ जीबी मेमरी असते, पण ते आजचे गेम ओढू शकत नाही. विंडोज ११ चा अधिकृत पाठिंबा इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होतो आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंट या गेमला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) दोन्ही लागतात. म्हणजे जाहिरातीतला शब्द न् शब्द खरा असूनही पैसे पाण्यात जातात.

ग्राफिक्स कार्डाच्या नावातही खाचाखोचा आहेत. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० ची ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन रूपं आहेत. फरक नुसता मेमरीचा नाही. मूळ ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर (आकडेमोड करणारे छोटे गाभे) आहेत, ६ जीबीच्या कार्डात २३०४, आणि ते चालतंही कमी विजेवर. एएमडीच्या आरएक्स ५८० नावाने ‘२०४८एसपी’ असं शेपूट लावलेलं कार्ड विकलं जातं. त्यात खऱ्या ५८० चे २३०४ नाही, ५७० इतकेच २०४८ कोअर असतात. पूर्ण मॉडेल नंबर न सांगणाऱ्याकडून पीसी घेऊच नका.

जाहिरातीत हमखास गाळल्या जाणाऱ्या गोष्टी चार: एसएमपीएसची (सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याची) कंपनी आणि मॉडेल, मदरबोर्डचं मॉडेल, रॅमच्या स्टिक किती, आणि एसएसडीचं मॉडेल. काटकसर नेमकी इथेच होते. ही चार उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा. १६ जीबीची एकच स्टिक लावलेली असेल तर मेमरी सिंगल चॅनलवर चालते, तिची बँडविड्थ (माहिती नेण्याची क्षमता) निम्मी होते आणि गेम मध्येच अडखळतो. ८ जीबीच्या दोन स्टिक हव्यात. मोठ्या ब्रँडच्या तयार पीसीबाबत आणखी एक विचारा: मदरबोर्ड आणि एसएमपीएस नेहमीच्या एटीएक्स (प्रमाणित) मापाचे आहेत का? काहींमध्ये कंपनीचाच वेगळा कनेक्टर असतो. तीन वर्षांनी एसएमपीएस गेला की बाजारातला बसत नाही आणि मोठं ग्राफिक्स कार्ड लावायची वाटही बंद होते.

एसएमपीएसचं लेबल

हा भाग सविस्तर सांगतो, कारण हा बिघडला की बाकीचे भागही सोबत नेतो. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता छापलेला असतो. त्यात ‘+१२ व्होल्ट’ची ओळ शोधा, तिथला अँपिअरचा आकडा घ्या आणि १२ ने गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही याच लाइनवर जगतात. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर साधारण ४५ अँपिअर दिसतात, म्हणजे ५४० वॉट. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या, ‘४५०’ असं ठळक छापलेल्या डब्यावर याच ओळीत १६ अँपिअर दिसले, तर हाती येतात १९२ वॉट. आरटीएक्स ४०६० एकटं ११५ वॉट घेतं. गेम सुरू होताच पीसी फटकन बंद पडतो, तो बहुधा याच कारणाने.

‘८० प्लस ब्राँझ’ किंवा ‘गोल्ड’ ही खूण वीज किती कमी वाया जाते ते सांगते. जास्त दाबापासून किंवा शॉर्टपासून संरक्षण आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून ते मॉडेल उघडून तपासलेलं परीक्षण वाचूनच घ्या. आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० ला ५५० वॉट पुरतात, ५०७० साठी ६५० वॉट घ्या.

यादी आणि भावाची तुलना

१०८० पी, म्हणजे फुल एचडी पडद्यावर खेळायचं असेल तर निम्म्याच्या जरा आत, म्हणजे ३५ ते ४५ टक्के पैसे ग्राफिक्स कार्डावर जाऊ द्या. आरटीएक्स ४०६०, ५०६० किंवा आरएक्स ७६०० या वर्गातलं कार्ड, एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर किंवा हात आखडता असेल तर रायझन ५ ५६००, दोन स्टिकमध्ये १६ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी वेगवान) एसएसडी आणि समोर जाळी असलेलं कॅबिनेट. समोर अखंड काच असलेलं कॅबिनेट दिसायला देखणं, पण हवेला वाटच नसते. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात खोलीच ४० अंशांवर असते, तेव्हा समोरून हवा ओढणारे दोन पंखे आणि मागे बाहेर फेकणारा एक, एवढं तरी हवंच.

रायझन ५ ७६०० डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमवर चालतो आणि त्याचं एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) एएमडी २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवणार आहे, म्हणजे पुढे बोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता येईल. ५६०० चं एएम४ जुनं आहे, रॅम डीडीआर४. दोन्हींच्या रॅमच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीची दुसरीला बसत नाही.

प्रोसेसर निवडताना आमचा आग्रह एकाच गोष्टीचा: शक्य असेल तर आत ग्राफिक्स असलेला घ्या. ७६०० मध्ये ते आहे, ७५००एफ मध्ये नाही; इंटेलच्या आय५-१२४०० मध्ये आहे, १२४००एफ मध्ये नाही. ५६०० मध्येही नाही. ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत गेलं की पंधरवडा, महिना सहज लागतो. तेवढ्यात अभ्यास आणि कामापुरता पीसी तरी चालू राहतो. लातूर-नांदेडसारख्या ठिकाणाहून भाग सर्व्हिस सेंटरला कुरिअर करावा लागणाऱ्यांना तर याचं मोल जास्तच. प्रोसेसर सीलबंद बॉक्समधला घ्या. बॉक्सशिवाय सुटा येणारा ‘ट्रे’ माल थोडा स्वस्त मिळतो, पण सोबत कूलर नसतो आणि कंपनीची नेहमीची तीन वर्षांची वॉरंटीही बहुधा मिळत नाही.

आता तुलना. एकाच दिवशी प्रत्येक भागाचा भाव दोन दुकानांत विचारा आणि बेरीज करा. तयार पीसीत विंडोजचं परवानापत्र असेल तर तुमच्या बेरजेत त्याची किंमत धरा. हे एकाच दिवशी करायचं, कारण रॅमच्या भावाचा भरवसा राहिलेला नाही. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि मेमरीचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर क्रुशियल हा सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात जुन्या भावाच्या रॅमवर जोडून ठेवलेला तयार पीसी सुट्या भागांपेक्षा खरोखर स्वस्त पडू शकतो. भागांची नावं पटत असतील तर तो बेलाशक घ्या. गावात दुरुस्तीची सोय नाही आणि घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी हवी, तर ब्रँडेड पीसीसाठी दोन पैसे जास्त मोजणंही शहाणपणाचं आहे.

घरी जोडताना

टोकाला चुंबक असलेला दोन नंबरचा चौकडी स्क्रूड्रायव्हर आणि मोकळं टेबल, एवढ्यावर भागतं. अंगातल्या स्थिर विजेने भाग बिघडू नयेत म्हणून गालिच्यावर बसू नका आणि अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावत राहा.

मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि प्रोसेसर, रॅम, एसएसडी, कूलर बाहेरच बसवा. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात छोटा त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवरही. दोन्ही जुळवून प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. एएम५ आणि इंटेलमध्ये पिना बोर्डावर असतात, त्यामुळे लिव्हर खाली करताना बरीच ताकद लागते आणि करकर आवाजही येतो, तो येणारच. वरचं प्लॅस्टिकचं झाकण जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत देताना ते मागतात. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. पुढे कधी कूलर काढाल तेव्हा आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवा. सरळ वर ओढलात तर चिकटलेल्या पेस्टसह (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) प्रोसेसर उपसून येतो आणि पिना वाकतात.

रॅमच्या दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबा. एसएसडी तिरकी आत सरकवून खाली दाबायची आणि बारीक स्क्रू लावायचा. हा स्क्रू बोर्डाच्या खोक्यातल्या पुडीत असतो, तो हरवू नका. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढा. सोबतच्या कूलरला पेस्ट आधीच लावलेली असते, वर आणखी नको. नसेल तर मधोमध वाटाण्याएवढी पुरे. स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडेथोडे पिळा.

कॅबिनेटमध्ये आधी मागची पत्रा-पट्टी (आय/ओ शील्ड) बसवा, मग पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खुंट) बोर्डाच्या भोकांशी जुळवून पाहा. जास्तीचा एखादा भलत्या जागी राहिला तर बोर्ड शॉर्ट होतो. प्रोसेसरची ८ पिनची केबल बोर्ड बसवण्याआधीच वरच्या कोपऱ्यातून ओवून घ्या, नंतर तिथे बोटं जात नाहीत. ही ४+४ ची केबल आणि ग्राफिक्स कार्डाची ६+२ ची केबल दिसायला सारख्या, पण वेगळ्या आहेत. मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या कुठल्याही एसएमपीएसला लावू नका. कनेक्टर बसतो, पण आतली जुळणी निराळी असते आणि ड्राइव्ह जळतात.

चालू केलं आणि पडदा काळाच राहिला, तर घाबरून सगळं सोडवत बसू नका. डीडीआर५ चा बोर्ड पहिल्यांदा रॅमची जुळवणी करतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. दहा मिनिटं थांबा. मग पाहा, मॉनिटरची केबल मदरबोर्डला लागली आहे की ग्राफिक्स कार्डाला? ती कार्डालाच हवी. प्रोसेसरची ८ पिन विसरलेली असते, २४ पिनचा कनेक्टर अर्धवट बसलेला असतो, रॅम एका बाजूने वर राहिलेली असते. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट असे चार छोटे दिवे असतात, जो पेटून राहतो तिथे घोळ आहे. जुना बोर्ड आणि नवा प्रोसेसर अशी जोडी असेल तर बायोस (बोर्डातला पीसी सुरू करणारा मूळ प्रोग्राम) जुनी असू शकते. बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेनड्राइव्हवरून ती अद्ययावत करता येते.

बायोसमध्ये गेल्यावर दोन कामं: प्रोसेसरचं तापमान पाहा आणि एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. काहीच चालू नसताना पारा ९० च्या घरात असेल तर कूलर सैल आहे किंवा फिल्म तशीच राहिली आहे. एक्सपो बंद राहिलं तर ६००० ची रॅम ४८०० वरच चालते. विंडोज सुरू झाल्यावर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा) बघा. १४४ हर्ट्झचे कितीतरी मॉनिटर महिनोन्महिने ६० वरच चालत राहतात.

तयार पीसी कुरिअरने आला तर

पेटी फोडण्यापासून व्हिडिओ काढा. चालू करण्याआधी बाजूची काच उघडा. आत फोमची पिशवी भरलेली असू शकते, ती काढा, आणि ग्राफिक्स कार्ड खाचेतून सुटलेलं नाही ना ते दाबून पाहा. मग टास्क मॅनेजरमधल्या परफॉर्मन्समध्ये रॅमचा वेग आणि किती खाचा भरल्या आहेत ते पाहा. कार्डाचा खरेपणा जीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये कोअरच्या आकड्यावरून कळतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये एसएसडी किती तास चालली आहे ते दिसतं. नव्या पीसीत तो आकडा शेकड्यांत असेल तर ती वापरलेली आहे. सीरियल नंबर बिलाशी ताडून पाहा आणि तफावत निघाली तर त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवा.

पीसी कुठल्याही मार्गाने आलेला असो, तीन पिनच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही, आधी वायरमन बोलवा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, त्यात मॉनिटर आणि गेम दोन्ही चालू असताना वीज गेली तर पीसी तिथेच बंद पडू शकतो. ११०० व्हीएचा घ्या. सगळ्या भागांची खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या.